जिन्यावरचा बस्ता

तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येत आहे की, उल्हासनगरच्या बाजारात एक असा जिना आहे ज्यावर माणसं चढायला कमी आणि बसायला जास्त जातात. हा जिना सरकारी नाही, प्राचीन नाही, त्याच्यापुढे पुरातत्त्व खात्याची निळी पाटी नाही. अंबरनाथचं दगडी देऊळ बघायला लांबलांबून अभ्यासक येतात, माना वर करकरून मूर्ती बघतात, वहीत चित्रं काढतात. तिथून रिक्षाने जेमतेम चहा थंड होईपर्यंत पोचता येईल अशा या जिन्याकडे मात्र आजवर एकही अभ्यासक फिरकलेला नाही. सबब ही जबाबदारी माझ्यावर येऊन पडली आहे. मी वास्तुशास्त्र शिकलेली नाही. पण आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नाला मी त्या जिन्यावर बूड टेकवलेलं आहे, आणि एवढी पात्रता मला पुरेशी वाटते.

जिना ज्या इमारतीत आहे ती आमच्या भागातली पहिली मोठी दुकान-इमारत. एका छताखाली सगळं: खाली बांगड्या, पावडरी, बनियन, कंगवे, पहिल्या मजल्यावर साड्या आणि शर्टाचं कापड, त्याच्यावर तयार कपडे आणि गाद्या. आता असली दुकानं पैशाला पासरी झाली. तेव्हा मात्र माणसं काही घ्यायचं नसलं तरी आत एक फेरी मारून यायची आणि संध्याकाळी शेजाऱ्यांना सांगायची.

इमारतीचा जन्म बराकीत झाला. उल्हासनगर मुळात लष्कराची छावणी. फाळणीनंतर सिंधी माणसं इथे आली तेव्हा त्यांना याच बराकी मिळाल्या, एकेका बराकीत कितीतरी कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे पडदे. दुकानाच्या मोठ्या शेठजींच्या वाट्याला एका बराकीचा रस्त्याकडचा तुकडा आला. त्यांनी दारात सुया, दोरे, नाड्या मांडल्या. मग टॉवेल. मग छिटाचं कापड. शेजारचे एकेक करून दुसरीकडे राहायला गेले तसतशी शेठजींनी बराक आतल्या आत गिळली. आणि जेव्हा इमारत बांधायची वेळ आली तेव्हा दुकान एक दिवससुद्धा बंद ठेवायला ते तयार झाले नाहीत. त्यामुळे भिंती बराकीच्या बाहेरून उठल्या. खांब गिऱ्हाइकांच्या मधून उगवले. एका बाजूला गवंडी, दुसऱ्या बाजूला परकराचं कापड फाडणारा नोकर, दोघांच्या अंगावर सारखीच पांढरी धूळ. वरचा स्लॅब पडला, सुकला, आणि मगच खालच्या बराकीची कौलं आतून एकेक करून उतरवली गेली. आई सांगायची, अंड्यातून पिल्लू बाहेर येतं ते सगळ्यांनी पाहिलंय. पिल्लाच्या पोटात अंडं बसलेलं फक्त उल्हासनगरकरांनी पाहिलं.

म्हणून तळमजला आजही बराकीसारखाच लांबोडका आहे. दारातून हाक मारली तर शेवटचा नोकर ती ऐकून मागे वळेपर्यंत गिऱ्हाईक निघून जायचं. रस्त्याकडचं तोंड मात्र शेठजींनी नटवलं. कोपऱ्याला वळणारे सिमेंटचे गोल सज्जे, त्यांच्यावर तीन-तीन रेघा, गच्चीच्या कठड्यावर उगवत्या सूर्याची नक्षी आणि मध्ये झेंड्याची काठी. काठीवर झेंडा कमी आणि वाळत घातलेलं कापड जास्त दिसायचं. आत लाल-पिवळ्या ठिपक्यांची मोझॅक लादी. खांबांना चारी बाजूंनी आरसे, त्यामुळे एकटी बाई आत गेली तरी तिला आपण वरातीत आल्यासारखं वाटायचं.

शेठजींचा एक हट्ट होता. दुकानात गादी-तक्क्या नाही. आपल्याकडे कापडाच्या दुकानात जायचं म्हणजे बाहेर चपला काढायच्या, पांढऱ्या गादीवर मांडी घालायची आणि शेठने तुम्हाला बघून ठरवायचं, कुठल्या कपाटातली साडी काढायची. शेठजींनी कराचीत वेगळं काही पाहिलं होतं म्हणे. चपला घालून या, उभे राहा, काचेतून बघा, आवडेल त्यावर बोट ठेवा. हा नियम आमच्या लोकांना फार मानवला. बाकीच्या दुकानांत कोणाला गादीच्या मधोमध बसवायचं आणि कोणाला काठाला, हे न बोलता ठरलेलं असे. इथे सगळेच उभे. माझी आजी म्हणायची, पाय दुखले तरी चालतील, मन नाही दुखत.

पण उभ्याने परकर घेता येतो. बस्ता नाही बांधता येत.

बस्ता म्हणजे दोन्हीकडची मंडळी, नवरीची साडी, नवऱ्याचा पोशाख, आयांच्या, मावशांच्या, करवल्यांच्या साड्या, वर मानापमान. हे काम बसूनच करायचं असतं, कारण त्यात रुसायचं असतं आणि उभ्याने नीट रुसता येत नाही. आईच्या लग्नाचा बस्ता बांधायला आमची मंडळी अंबरनाथहून गेली, खुर्ची दिसेना, गादी दिसेना, तेव्हा आजीने सरळ जिन्याच्या पायरीवर बैठक मारली. जिन्यावर बसणारं पहिलं कुटुंब आम्हीच, असं आमच्या घरात सांगतात. शहाडकडची दोन-तीन घराणी हाच दावा करतात. त्यांचं ऐकू नये.

आता जिन्याबद्दल. तो दुकानाच्या लांबीच्या मधोमध, बाहेरच्या भिंतीला टेकून आहे, चांगला रुंद, आणि अर्ध्यावर एका मोठ्या चौथऱ्याला येऊन थांबतो. तिथून त्याच्या दोन शाखा होतात, एक डावीकडून वर, एक उजवीकडून. सिनेमाच्या थेटरात असतो तसला. शेठजींनी तो निव्वळ ऐटीसाठी बांधला होता. आजी बसलेली पाहून ते म्हणे आधी संतापले. पण बसलेलं माणूस उठेपर्यंत आणखी दोन साड्या घेतं, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. पुढच्या लग्नसराईला पायऱ्यांवर सतरंज्या आल्या. मुलाकडचे डाव्या शाखेवर, मुलीकडचे उजव्या शाखेवर, दोघं एकाच उंचीला, समोरासमोर. मधल्या चौथऱ्यावर नोकर साड्या उलगडून फेकणार. कोण वर बसलं, कोण खाली, हा प्रश्नच संपला. विजेवर वर-खाली जाणारे जिने आता बदलापूरच्या मॉलमध्येही आलेत. त्यांवर बसून दाखवा.

चौथऱ्याच्या मागच्या भिंतीत, पश्चिमेला, एक उंच खिडकी आहे. तिला रंगीत काचा. बहुतेक पिवळ्या, कडेने हिरव्या, वर टोकाला एकच लाल. शेठजी सांगायचे, बेल्जियमची काच आहे. उल्हासनगरात बेल्जियम म्हणजे पाच नंबर कॅम्पच्या थोडं पुढे. लहानपणी मी बस्त्याला कंटाळले की त्या उन्हात जाऊन उभी राहायची आणि आईला हात दाखवायची, बघ मला कावीळ झाली.

शोभेला खिडकी सुंदर होती, धंद्याला घातक. दुपार कलली की चौथऱ्यावरची प्रत्येक साडी रंग बदलायची. निळी साडी घरी नेली की लोक म्हणायचे, आम्ही हिरवी घेतली होती. बायका नोकरांना दम द्यायच्या, "उजेडात दाखव." मग नोकर साडी घेऊन बाहेर सज्जात जायचा आणि त्याच्या मागून अख्खं वऱ्हाड. शेवटी दुकानात नियम झाला, चारनंतर चौथऱ्यावर कापड टाकायचं नाही. पुढे मोठे शेठजी गेले, त्यांच्या मुलाने खिडकीवर बाहेरून जाहिरातीचा फ्लेक्स ठोकला. काचा आत तशाच राहिल्या, मेलेल्या माशाच्या डोळ्यासारख्या. चौथऱ्यावर ट्यूबलाइट आल्या. नियम कोणाला आठवायचं कारण उरलं नाही.

इमारतीचा इतिहास इथे संपतो. यापुढचं या वर्षीचं आहे.

माझ्या भावाची मुलगी, माझी भाची, तिचं लग्न ठरलं ते बदलापूरच्या मुलाशी. बारवी धरणाच्या रस्त्याला त्यांचं गाव, भाताची शेती, थोडी आहे, थोडीवर बिल्डिंगी उभ्या आहेत. आम्ही बौद्ध, ते आगरी. दोघं एकाच ऑफिसात कामाला, त्यामुळे पत्रिका वगैरे त्यांनी वरच्या वर उरकल्या होत्या. थोरामोठ्यांच्या दोन बैठका झाल्या आणि तह ठरला. लग्न लावायला बुद्धवंदना आमची, मांडव त्यांच्या अंगणात. हळद त्यांच्या पद्धतीने आदल्या दिवशी, जेवणात मटण की पनीर यावर दोन्ही. सगळं ठरलं. फक्त एक राहिलं, नवरीच्या साडीचा रंग.

आमच्याकडे आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून नवरी पांढरी साडी नेसते. आई नेसली, मी नेसले, वहिनी नेसली. भाचीने एवढंच म्हटलं होतं, "बाकी तुम्ही म्हणाल ते. हळद लावा, पाच वेळा लावा. वंदनेला पांढरीच."

आणि मुलाकडे शब्द होता त्याच्या आत्याबाईंचा. मुलाची आई तो लहान असतानाच गेली. या आत्याबाई त्याच्या आधीच विधवा होऊन माहेरी परतलेल्या. त्यांनीच त्याला वाढवलं. ठेंगण्या, दणकट, आवाज असा की बारवीच्या पाण्यावरून पलीकडे पोचावा. आणि कायम अंगावर पांढरं लुगडं. मुलगा बाकी जगाला उलटून बोलेल, यांना नाही. त्यांनी नाही म्हटलं असतं तर लग्न कदाचित झालंही असतं, पण त्या मांडवात आल्या नसत्या, आणि त्या नसलेल्या मांडवात तो मुलगा उभा राहिला नसता. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. म्हणून त्या दिवशी जिन्यावर कोणी रुसत नव्हतं. सगळे भलतेच गोड बोलत होते. मला अशा गोडपणाची भीती वाटते.

मुलाकडचे डावीकडे, आम्ही उजवीकडे. चौथऱ्यावर दुकानातले जुने सेल्समन, डोक्यावर चार केस, ते चारही रंगवलेले. सिंधीत मोठ्या बहिणीला अदी म्हणतात, ते सगळ्या बायकांना अदी म्हणायचे, अगदी करवलीलाही. साडी स्वतःच्या अंगावर नेसून, पदर सोडून, कंबर किंचित मोडून दाखवायचे. पुरुषांमध्ये इतकी देखणी नवरी मी दुसरी पाहिली नाही.

"अदी, ये देखो मोतिया. ये साई, दुधावरची साय असते ना, तशी. और ये एकदम पांढरी, कमळासारखी."

भाचीने कमळासारखीवर बोट ठेवलं.

पलीकडच्या पायरीवरून आत्याबाई म्हणाल्या, "बाय, साडी चांगली हाय. दुसरे रंगान दाखव म्हना त्याला."

माझा भाऊ मऊ आवाजात म्हणाला, "ताई, आपलं बोलणं झालं होतं ना, वंदनेला आमच्याकडे..."

"झाला व्हता. मी कुठं हो बोल्ली?" त्या शांतच होत्या. "तुमचे देवाचा... म्हंजे तुमचे बुद्धाचा मी कधी वाईट बोल्ली? रोज बोला तुमची वंदना. पन पांढरा मी नेसतंय. एका घरान एक पांढरी बास झाली."

वाद घालायला समोर चूक माणूस लागतं. भाचीने मान खाली घातली. नवरा मुलगा मोबाईल उलटा धरून त्यात काहीतरी वाचत होता. सेल्समन अंगावर नवरीची पांढरी साडी, हातात पदर, तसेच उभे. त्यांना बिचाऱ्यांना बसताही येईना.

तेवढ्यात खिडकीच्या बाहेर दोरखंडावर लटकून कोणीतरी ठोकाठोक करू लागलं. मोठ्या शेठजींचा नातू, आताचा तरुण शेठ, वरून डोकावून म्हणाला, "सॉरी सॉरी आंटी, पाच मिनिटं. फ्लेक्स काढतोय. इथे एलईडी स्क्रीन लागणार."

"आणि काचा?" मी विचारलं.

"काचा राहतील ना आंटी. पाठीमागे. दिसणार नाहीत फक्त."

फ्लेक्सचा एक कोपरा सुटला, फडफडला, आणि मग अख्खा फ्लेक्सच खाली गेला. घड्याळ मी पाहिलं नाही, ऊन पाहिलं. दुपार कललेली होती. कित्येक वर्षांनी ती खिडकी पेटली. धुळीतून, कबुतरांच्या शिटांतून, पण पेटली. चौथरा पिवळा झाला, आणि त्याच्या मधोमध सेल्समन, रंगवलेले केस हिरवे, अंगावर हळदीच्या रंगाची झळझळीत साडी.

खाली उभं असलेलं एक अनोळखी गिऱ्हाईक टाळी वाजवून गेलं.

"ही!" आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. "ही कवा काढली? ही दाखवायची सोडून बसलाय मेला. हीच बांध."

आता इथे एक क्षण असा होता की मी गप्प बसले असते तर लग्न पार पडलं असतं. मी गप्पच बसले. उलट सेल्समनना डोळ्याने खुणावलं की घडी घाला, पटकन, इथल्या इथे. त्यांनीही घालायला घेतली. तेही याच इमारतीत म्हातारे झाले होते, उगाच नाही.

भाची उठली. चौथऱ्यावर आली. "काका, द्या ती."

मी पुटपुटले, "अगं, राहू दे."

"आत्या, हे फसवणं आहे," ती मला म्हणाली, आणि मग मोठ्याने, "आत्याबाई, ही तीच साडी आहे. पांढरी. काचेमुळे दिसतेय. उजेडात या, दाखवते."

ती साडी घेऊन बाहेर सज्जात गेली. मागून आत्याबाई. त्यांच्या मागून, रिवाजाप्रमाणे, अख्खं वऱ्हाड. बाहेर रस्त्यावर रिक्षा, हातगाड्या, जीन्सचे गठ्ठे; आणि भाचीच्या दोन्ही हातांवर पांढरीशुभ्र साडी. आत्याबाईंनी कापड चिमटीत धरलं, उलटून पाहिलं. साडी तिच्या हातातून काढून घेतली आणि आत निघाल्या. पुन्हा वऱ्हाड आत.

चौथऱ्यावर त्यांनी साडी उन्हात धरली. पिवळी. सावलीत सरकवली. पांढरी. पुन्हा उन्हात. लहान मूल दिव्याचं बटण खालीवर करतं तसं त्यांचं चाललं होतं. कोणी हसेना. नवऱ्या मुलाने मोबाईल खिशात ठेवला.

मग त्यांचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. हातावरून पदराकडे. त्या साडी उन्हात धरायला पुढे सरकल्या होत्या, आणि आता संपूर्णच्या संपूर्ण त्या उन्हात उभ्या होत्या. ते कायमचं पांढरं लुगडं डोक्यापासून पायापर्यंत हळदीचं झालं होतं. पदराच्या काठाला थोडी हिरवी किनार आली होती, तीही काचेची. बाजूच्या खांबाला आरसा होता. त्यांनी आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पदर डोक्यावरून किंचित पुढे ओढला, जसा नवी नवरी ओढते, आणि लगेच मागे सारला.

बाहेर दोरखंडावरच्या माणसाने खाली कोणाला तरी विचारलं, स्क्रीन चढवू का.

"थांब रं!" आत्याबाई खिडकीकडे तोंड करून ओरडल्या. मग साडी भाचीच्या खांद्यावर टाकली, तिला धरून आपल्या शेजारी उन्हात उभी केली, दोघी पिवळ्याधमक, आणि तरुण शेठकडे वळून, बारवीच्या पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"मंग आमचे मांडवाला पन हीच काच लावा!"